बिघाडानंतरचा एक तास

संगणकातली माहिती ज्या चुंबकीय तबकडीवर लिहिलेली असते, ती तबकडी आज ना उद्या बिघडते. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या तबकडीवर, केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट कमी अंतर राखून, वाचनाचे शीर्ष तरंगत असते. धुळीचा कण, झिजलेली मोटर, विजेतला चढउतार यांपैकी काहीही या नाजूक यंत्राला पुरते. तरीही बँकेतले आपले खाते, रेल्वेचे आरक्षण, परीक्षांचे निकाल अशाच यंत्रांच्या भरवशावर असतात. एक तबकडी बिघडली म्हणून खात्यातली शिल्लक नाहीशी झाली, असे सहसा होत नाही. म्हणजे बिघडणाऱ्या भागांपासून न बिघडणारी व्यवस्था उभारण्याची काही युक्ती माणसाला सापडली आहे.

त्या युक्तीचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. तिच्यामागचे गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. मात्र त्या गणितात एक संख्या अशी आहे, की जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. बिघडलेली तबकडी बदलायला किती वेळ लागतो, ही ती संख्या.

तबकड्या, शीर्षे आणि मोटर मिळून जी बंद पेटी होते तिला यापुढे आपण डिस्क म्हणू. आज पुष्कळ संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी चिपवरची स्मृती असते. तीही बिघडते, आणि या लेखातला मुख्य विचार तिलाही लागू पडतो.

पन्नास तबकड्यांचे कपाट

सप्टेंबर १९५६ मध्ये आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक ३०५’ हा संगणक जाहीर केला. कॅलिफोर्नियातील सान होझे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली त्याची डिस्क तयार झाली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर बसवलेल्या, मिनिटाला १२०० फेरे, आणि साठवण ५० लाख अक्षरांची. त्याआधी माहिती पंचकार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे आणि हवी ती नोंद मिळेपर्यंत फीत गुंडाळत बसावे लागे. डिस्कवर मात्र हव्या त्या जागी शीर्ष थेट नेता येऊ लागले.

पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या डिस्क अशा कपाटवजाच राहिल्या. त्या महाग होत्या, पण संख्येने थोड्या. डिस्क बिघडली तर तंत्रज्ञ येई, दुरुस्ती होई, आणि आदल्या रात्री फितीवर घेतलेल्या प्रतीतून माहिती पुन्हा भरली जाई. दरम्यान काम बंद राही. रात्रीनंतर झालेल्या नोंदी पुन्हा कराव्या लागत.

दोन प्रती

काम बंद पडणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी अमेरिकेत १९७४ साली टँडम कॉम्प्युटर्स ही कंपनी निघाली. जेम्स ट्रायबिग हे तिचे संस्थापक. १९७६ मध्ये या कंपनीचा ‘नॉनस्टॉप’ संगणक बाजारात आला. त्यात महत्त्वाचे प्रत्येक अंग दुहेरी होते. डिस्कही जोडीने बसवलेल्या असत. जे एकीवर लिहायचे तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहायचे. आरशातल्या प्रतिमेसारखी दुसरी प्रत, म्हणून अशा जोडीला ‘मिरर’ म्हणतात. एक डिस्क गेली तरी जुळी डिस्क काम चालू ठेवते. तेवढ्यात बिघडलेली काढून नवी बसवायची आणि शिल्लक प्रतीवरून तिच्यावर नक्कल करून घ्यायची. संगणक बंद करावा लागत नाही.

युक्ती सोपी आहे, पण खर्च दुप्पट. शंभर डिस्कांची माहिती सांभाळायला दोनशे डिस्क. याहून कमी खर्चात काम भागेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

चूक कळणे आणि जागा कळणे

रिचर्ड हॅमिंग हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गणितज्ञ होते. १९४७ च्या सुमारास तिथल्या रिलेंवर चालणाऱ्या संगणकावर शनिवार-रविवारी त्यांची गणिते लावून ठेवलेली असत. सुट्टीत यंत्रापाशी कोणी नसे. आकड्यांत चूक झाली की ती यंत्राला कळे, पण पुढे काय करायचे हे न कळल्याने ते गणित सोडून देई आणि पुढचे घेई. सोमवारी येऊन पाहावे तर काम झालेलेच नाही. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हेही का कळू नये, या विचारातून त्यांनी चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांची पद्धत बसवली. १९५० साली ती प्रसिद्ध झाली.

चूक झाली एवढेच कळणे आणि तिची जागा कळणे यांत केवढा फरक आहे, हे वर्गात सहज दाखवता येते. चार मुलांना पुढे बोलवा. प्रत्येकाने चिठ्ठीवर ० किंवा १ लिहावे. समजा त्यांनी १, ०, १, १ असे लिहिले. एकांची संख्या तीन, म्हणजे विषम झाली. आता पाचव्या मुलीने आपल्या चिठ्ठीवर असा अंक लिहावा की एकूण एकांची संख्या सम व्हावी. ती १ लिहील. ही आपली पडताळ्याची चिठ्ठी.

आता तिसऱ्या मुलाला चिठ्ठीसह वर्गाबाहेर पाठवा. उरलेल्या चिठ्ठ्यांवर १, ०, १ आणि पडताळ्याचा १ आहे. एकांची संख्या तीन. ती सम व्हायला आणखी एक १ हवा. म्हणजे बाहेर गेलेल्या चिठ्ठीवर १ होता! गुणपत्रिकेत एका विषयाचे गुण पुसट झाले तर एकूण गुणांतून बाकीचे वजा करून ते काढावेत, तसेच हे आहे.

याच खेळाचे आणखी दोन प्रकार करून पाहावेत. एकाच वेळी दोन मुलांना बाहेर पाठवले तर काय होते? उत्तर मिळत नाही. एका वजाबाकीतून दोन अज्ञात संख्या निघत नाहीत. आणि कोणीच बाहेर न जाता एकाने गुपचूप आपला अंक बदलला तर? संख्या विषम झाल्याने काहीतरी बदलले हे कळते, पण कोणाचे ते कळत नाही. ते कळण्यासाठी एक चिठ्ठी पुरत नाही. हॅमिंग यांच्या पद्धतीने चूक नेमकी कुठे आहे हे शोधायचे, तर १० चिठ्ठ्यांसाठी पडताळ्याच्या ४ चिठ्ठ्या लागतात आणि २५ चिठ्ठ्यांसाठी ५.

डिस्कच्या बाबतीत सोय अशी, की बिघडलेली डिस्क बहुधा पहिल्या खेळातल्या मुलासारखी वागते. ती वर्गाबाहेर जाते. तिच्याकडून उत्तर येत नाही किंवा ‘वाचता येत नाही’ असा निरोप येतो. जागा आधीच कळलेली असते. मग एक पडताळ्याची डिस्क पुरे. अशा प्रकारे माहिती परत मिळवण्याचे एक पेटंट आय.बी.एम.मधील नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्ये मिळाले होते.

बर्कलीचा निबंध

१९८० नंतर छोट्या व्यक्तिगत संगणकांचा खप वाढला आणि त्यांच्यासाठी लहान, स्वस्त डिस्क लाखांनी तयार होऊ लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी दोन प्रकारच्या डिस्क शेजारी शेजारी ठेवून हिशोब मांडला. एकीकडे मोठ्या संगणकांची आय.बी.एम. ३३८०. साठवण ७५०० मेगाबाइट, आकार २४ घनफूट. दुसरीकडे कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क. साठवण १०० मेगाबाइट, आकार ०.०३ घनफूट. दर मेगाबाइटला छोटी डिस्क स्वस्त, वीजही कमी घेणारी. शिवाय ७५ छोट्या डिस्क एकाच वेळी वाचता-लिहिता येतात, म्हणून काम कितीतरी जलद. मग कपाटाऐवजी छोट्या डिस्कांचा संच का वापरू नये?

अडचण एकच होती. एका छोट्या डिस्कचे बिघाडापर्यंतचे सरासरी आयुष्य उत्पादकाने ३०,००० तास सांगितले होते. पण डिस्क शंभर असल्या, तर त्यांतली कोणती ना कोणती डिस्क सरासरी ३०० तासांत बिघडणार. म्हणजे दोन आठवडेही नीट जाणार नाहीत. स्वस्त डिस्कांचा साधा संच जवळजवळ निरुपयोगी ठरतो. त्याला जास्तीच्या डिस्कांची जोड दिली तरच तो टिकतो.

जून १९८८ मध्ये शिकागो येथील परिषदेत त्यांनी हा निबंध वाचला. ‘स्वस्त डिस्कांचे जास्तीची सोय असलेले संच’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी या रचनेला ‘रेड’ हे नाव दिले. निबंधात पाच पातळ्या होत्या. पहिली पातळी जुळ्या डिस्कांची. दुसरी हॅमिंग यांच्या संकेताची. तिसरी आणि चौथी एकाच पडताळ्याच्या डिस्कची. पाचवीत पडताळ्याचे अंक सर्व डिस्कांवर विखुरलेले, कारण ते एकाच डिस्कवर ठेवले तर प्रत्येक लेखनाच्या वेळी त्या एकीवरच गर्दी होते. यांतल्या बऱ्याच कल्पना सुट्या सुट्या आधीपासून होत्या. या तिघांनी त्या एका हिशोबात बसवल्या, त्यांना क्रम दिला, नाव दिले. पुढे महागड्या कपाटांचा जमाना संपला तेव्हा ‘स्वस्त’ या शब्दालाही अर्थ उरला नाही, आणि त्याच आद्याक्षराचा ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द त्याच्या जागी रूढ झाला.

छेदातली संख्या

आता त्या निबंधातला हिशोब आपण स्वतः करून पाहू. १०० डिस्कांची माहिती आहे आणि प्रत्येकीला जुळी डिस्क आहे. एकूण डिस्क २००. तेव्हा दर १५० तासांनी एक डिस्क बिघडणार. पण त्याने माहिती जात नाही. बिघडलेली डिस्क बदलून नवीवर नक्कल पूर्ण होण्याआधी तिची नेमकी जुळीच बिघडली, तरच माहिती जाते. निबंधात हा मधला काळ एक तास धरला होता. त्या एका तासात जुळी डिस्क बिघडण्याची शक्यता ३०,००० त एक. म्हणून माहिती जाण्यापर्यंतचा सरासरी काळ १५० × ३०,००० = ४५ लाख तास. म्हणजे ५०० वर्षांहून जास्त!

आता पडताळ्याची रचना घेऊ. दर १० डिस्कांमागे पडताळ्याची १, म्हणजे एकूण ११०. दर २७३ तासांनी एक डिस्क बिघडणार. त्यानंतरच्या तासाभरात त्याच गटातल्या उरलेल्या दहांपैकी एखादी बिघडण्याची शक्यता ३,००० त एक. गुणाकार येतो सुमारे ८ लाख २० हजार तास, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे. जास्तीच्या डिस्क फक्त दहा, आणि तीनशे तासांचे नव्वद वर्षे झाले.

पण हे सारे त्या एका तासावर उभे आहे. समजा, बिघाड शनिवारी झाला, सोमवारी लक्षात आला, नव्या डिस्कची मागणी गेली, ती शुक्रवारी आली. बिघाडापासून नक्कल पूर्ण होईपर्यंत एक आठवडा, म्हणजे १६८ तास गेले. हिशोबात दुसरे काहीही बदललेले नाही. तीच डिस्क, तीच रचना. तरी ४५ लाख तासांना १६८ ने भागावे लागते. ५०० वर्षांची उरतात तीन. आणि पडताळ्याच्या रचनेतली नव्वद वर्षे सात महिन्यांच्याही आत येतात. बदलायला कोणी फिरकलेच नाही, तर जुळ्या डिस्कांवर केलेला सगळा खर्च वाया.

जास्तीची डिस्क बिघाड टाळत नाही. उलट डिस्क वाढल्या की बिघाडही वाढतात. आपल्याला मिळते ती दुरुस्तीसाठी सवड. त्या सवडीचा उपयोग केला नाही, तर संच असून नसल्यासारखाच. म्हणूनच पुढे बऱ्याच संचांत एक राखीव डिस्क आधीच बसवून ठेवण्याची पद्धत आली. एखादी बिघडली की संच माणसाची वाट न पाहता राखीव डिस्क कामाला लावतो.

तास लांबत गेला

१९८८ च्या त्या छोट्या डिस्कमधून सेकंदाला सुमारे १ मेगाबाइट माहिती वाचता येई. १०० मेगाबाइटची अख्खी डिस्क दोन मिनिटांत वाचून होई. आज २० टेराबाइटची डिस्क मिळते. ती सेकंदाला २५० मेगाबाइटने सलग वाचली, तरी ८०,००० सेकंद म्हणजे बावीस तास लागतात. साठवण दोन लाख पटींनी वाढली आणि वेग अडीचशे पटींनीच. असे का व्हावे? साठवण तबकडीच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. वर्तुळाकार मार्गावर बिंदू अधिक दाट बसवले आणि मार्गही एकमेकांच्या अधिक जवळ आणले, तर दोन्ही वाढींचा गुणाकार होतो. वाचनाचा वेग मात्र शीर्षाखालून सरकणाऱ्या एकाच मार्गावरच्या दाटीमुळे आणि फेऱ्यांच्या गतीमुळे ठरतो. मार्ग जवळ आले म्हणून तो वाढत नाही.

त्यामुळे नवी डिस्क तत्काळ बसवली तरी तिच्यावर माहिती पुन्हा भरायला एक-दोन दिवस सहज जातात. या काळात उरलेल्या सर्व डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि एरवी महिनोन् महिने कोणी न वाचलेला एखादा खराब भाग नेमका तेव्हा उघडकीस येतो. यावर उपाय म्हणून पडताळ्याचे दोन वेगळे अंक ठेवणाऱ्या रचना आल्या. दोन मुले बाहेर गेली तरी दोन समीकरणांतून दोन्ही चिठ्ठ्या काढता येतात, ही त्यामागची कल्पना. तिचे मूळ आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या संकेतात सापडते. आजच्या मोठ्या माहितीकेंद्रांत एका डिस्कवरची माहिती परत उभी करण्याचे काम अनेक डिस्कांत वाटून दिले जाते, म्हणजे तो मधला काळ पुन्हा आखूड होतो.

हिशोबातले आणखी एक गृहीतकही तपासावे लागले. दोन डिस्कांचे बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले असतात, असे आपण धरले होते. प्रत्यक्षात संचातल्या डिस्क बहुधा एकाच कारखान्यातल्या, एकाच खेपेच्या, एकाच पेटीतल्या, एकच उष्णता सोसणाऱ्या असतात. २००७ साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. १९८८ च्या निबंधातलेच हे गिब्सन. उत्पादकांच्या पत्रकांत सरासरी आयुष्य १० लाख तास किंवा त्याहून जास्त लिहिलेले होते. त्या हिशोबाने वर्षाला ०.८८ टक्क्यांहून अधिक डिस्क बदलाव्या लागू नयेत. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे प्रमाण सर्रास आढळले, क्वचित १३ टक्क्यांपर्यंतही. शिवाय एका बिघाडामागोमाग दुसरा येण्याची शक्यता गृहीतकापेक्षा जास्त होती. म्हणजे पहिली डिस्क बिघडल्यावर ‘अजून एक आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणे कागदावरच्या हिशोबाहूनही धोक्याचे आहे.

हात कोणाचा?

जिम ग्रे हे टँडम कंपनीतले संशोधक. संगणक का बंद पडतात, याचा त्यांनी १९८५ मध्ये अभ्यास केला. नव्या यंत्रांचे सुरुवातीचे बिघाड वगळता सुमारे ४२ टक्के प्रसंगांचे मूळ चालवणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या माणसांच्या कामात होते. यंत्रसामग्रीचा वाटा १८ टक्के होता. प्रत्येक भाग दुहेरी केल्यावर उरते ते माणसाचे काम.

२००१ साली एरन ब्राउन आणि पॅटरसन यांनी नेमके हेच काम प्रयोगाला घेतले. काही माणसांना शिकवून तयार केले आणि संचातली बिघडलेली डिस्क बदलायला सांगितले. तीन वेगवेगळ्या प्रणालींवर हा प्रयोग झाला. काम माहीत असूनही माणसांच्या हातून चुका झाल्या आणि काही वेळा माहिती कायमची गेली. बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क ओढून काढणे ही यातली सर्वांत घातक चूक. एक डिस्क आधीच गेलेली, दुसरी आपण काढलेली. वर्गातली दोन मुले बाहेर!

ही चूक होते कशी? पेटीतल्या सगळ्या डिस्क दिसायला सारख्या असतात. संगणक मोजणी शून्यापासून करतो, माणूस एकापासून. पडद्यावरची ‘डिस्क २’ ही हाताला लागणारी तिसरी असते. कधी मोजणी डावीकडून असते, कधी उजवीकडून. म्हणून अनुभवी माणसे काही साधे नियम पाळतात. प्रत्येक डिस्कच्या खणावर तिचा अनुक्रमांक आधीच चिकटवून ठेवायचा. पडद्यावरचा आणि खणावरचा अंक दोघांनी मिळून ताडायचा. सोय असेल तर त्या खणाचा दिवा लावून पाहायचा. हात लावण्याआधी माहितीची वेगळी प्रत घ्यायची. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी आहे हे पाहायचे. आणि नक्कल पूर्ण झाल्याचा निरोप आल्याखेरीज काम संपले असे म्हणायचे नाही.

वेगळी प्रत का, हे मुलांना विचारून पाहावे. आपण चुकून एखादी फाइल पुसली, तर आरशातली प्रतिमाही त्याच क्षणी पुसली जाते. आगीत किंवा पुरात पेटी गेली तर दोन्ही डिस्क एकदम जातात. जुळ्या डिस्क यंत्राच्या बिघाडापासून वाचवतात. आपल्या चुकीपासून आणि अपघातापासून वाचवते ती दुसरीकडे ठेवलेली प्रत.

आता सूत्राकडे शेवटची नजर टाकू. डिस्कचे आयुष्य कारखान्यात ठरते. संचातल्या डिस्कांची संख्या गरजेप्रमाणे ठरते. छेदात उरलेली तिसरी संख्या, म्हणजे बिघाड लक्षात येऊन नवी डिस्क बसेपर्यंतचा काळ, तेवढी मात्र वापरणाऱ्याच्या हातात असते. ज्या शाळेत किंवा कार्यालयात असा संच आहे, तिथे दोन प्रश्न विचारावेत. एक डिस्क आज बिघडली तर ते कोणाला आणि किती वेळात कळेल? आणि बदलायची डिस्क कपाटात तयार आहे का?